दार मामाचं

डेपोत त्या दोघांना नावानं कुणी ओळखत नसे. ड्रायव्हर म्हणजे दाजी आणि कंडक्टर म्हणजे मामा. खरं तर ड्रायव्हर फक्त कंडक्टरचाच दाजी, कारण कंडक्टरची थोरली बहीण त्याला दिलेली. आणि कंडक्टर फक्त ड्रायव्हरच्या मुलीचा मामा. पण एकाच गाडीवर वर्षानुवर्षं ड्यूटी केली की घरातली नाती गाडीत येतात आणि गाडीतली डेपोभर होतात. शेवटी डेपो मॅनेजरसुद्धा "दाजी, इथं सही करा" म्हणायला लागला, आणि तो दाजींपेक्षा वयानं चांगला मोठा होता.

कामाची वाटणी दोघांनी केव्हाच करून टाकली होती. रस्ता दाजींचा, दार मामाचं. गाडी स्टॉपवर उभी राहिली की दाजी दाराकडच्या आरशात बघतसुद्धा नसत. कोण चढतंय, कोण उतरतंय, कुणाची पिशवी अडकलीय, कुणाचं पोर खालीच राहिलंय, ही सगळी मामाची डोकेदुखी. मामानं दोरी ओढली आणि केबिनमधली घंटी एकदा वाजली तर थांबायचं, दोनदा वाजली तर निघायचं. दोनदा म्हणजे डबल. डबल मिळाली की दाजींचा पाय आपोआप खाली जाई. त्यात दाजींचा स्वतःचा काही हात नसे म्हटलं तरी चालेल. एकदा घरी जेवताना भाचीनं आणखी वाढायला सांगायचं म्हणून ताटावर चमचा दोनदा वाजवला, तर दाजींनी खुर्चीत बसल्या बसल्या उजवा पाय जमिनीवर दाबला. ताईला, म्हणजे मामाच्या त्या थोरल्या बहिणीला, हसून हसून ठसका लागला. "हळू चालवा, पाणी सांडेल," ती म्हणाली, आणि मग आठवडाभर घरात जो तो चमचा वाजवत सुटला.

त्यांच्या गाडीला रोज अंडीवाल्या आजी असत. आजींचे गुडघे गेलेले. बाजाराच्या स्टॉपवर उतरायचं म्हणजे आधी टोपली खाली, मग एक पाय, मग गुडघ्यांना दोन शिव्या, मग दुसरा पाय. टोपली मामा खाली ठेवायचा, आजींच्या कोपराला धरायचा, आणि त्यांनी फुटपाथवर उभं राहून "हां" म्हटलं की मगच दोरीला हात घालायचा. मागच्या गाड्या भोंगे वाजवून जीव नकोसा करत. "वाजवू दे त्यांना," दाजी केबिनमधून म्हणायचे, "त्यांच्याकडे कुठं अंडी आहेत?"

मग सरकारनं सुधारणा आणली. दवाखान्यात डॉक्टर "सुधारणा आहे" म्हणाले की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. सरकार सुधारणा म्हणालं की समजायचं, आता कुणाच्या तरी ताटाला हात लागणार. बससेवा तोट्यात आहे, असं सरकारचं म्हणणं. रस्त्यावरचा दिवा तोट्यात जळतो अशी तक्रार कुणी केल्याचं ऐकिवात नाही, आगीचा बंबही आग विझवून नफा काढत नाही. पण म्हाताऱ्या बाईला बाजारात नेऊन सोडणाऱ्या बसनं मात्र कमवून दाखवायला हवं होतं. दवाखान्यातली धुलाई, शाळेतले शिपाई, पाण्याची मीटरं याच वाटेनं आधीच ठेकेदारांच्या घशात गेली होती. आता गाड्यांची पाळी. रस्ते सरकारचे, डेपो सरकारचा, नफा ठेकेदाराचा आणि तोटा झालाच तर पुन्हा सरकारचा, म्हणजे तुमचा आमचा.

ठेकेदाराच्या गाडीला कंडक्टर नव्हता. दारं ड्रायव्हरनं उघडायची, भाडं दाराजवळच्या मशीनमध्ये टाकायचं, आणि उतरायचं असेल त्यानं खांबावरचं लाल बटण दाबायचं. कंडक्टरांना घरी बसवणार होते. ड्रायव्हरांना ठेकेदार घेणार होता, करारावर. एका गाडीवरच्या दोन माणसांना असं बरोब्बर मधून चिरलं होतं. ज्याच्या डोक्यातून हे निघालं त्याला कामगारांची नस ठाऊक होती, एवढं कबूल करायला हवं.

संप झाला. डेपोच्या फाटकासमोर मांडव पडला आणि त्यात ड्रायव्हर, कंडक्टर, वर्कशॉपवाले मांडीला मांडी लावून बसले. पण खरी गंमत पुढे झाली. ज्या प्रवाशांशी सुट्ट्या पैशांवरून रोज भांडणं व्हायची ते मांडवात यायला लागले. घरकाम करणाऱ्या बाया आल्या, रात्रपाळी संपवून नर्सा आल्या, कॉलेजची पोरंपोरी आली. ठेकेदाराची पहिली गाडी बाहेर काढली तेव्हा बायांनी तिच्यापुढं बसकण मारली. पोलिसांनी त्यांना उचलून नेलं, तर त्यांच्या जागी दुसऱ्या बसल्या. अंडीवाल्या आजींनी जाहीर करून टाकलं की त्या गाडीत मी पाय ठेवणार नाही. त्या टोपली डोक्यावर घेऊन बाजारापर्यंत चालत जायच्या, आणि वाटेत मांडवात टेकून उकडलेली अंडी वाटायच्या. "फुटकी निघाली, विकली जात नाहीत," म्हणायच्या. त्यातलं एकही फुटकं नसायचं.

मामा त्या दिवसांत खूश होता, हे सांगितलंच पाहिजे. जन्मभर "पुढे सरका, पुढे सरका" म्हणून कमावलेला आवाज आता घोषणांना उपयोगी पडत होता. आपण जिंकणार यात त्याला तिळमात्र शंका नव्हती. एवढी माणसं एका बाजूला बसल्यावर दुसऱ्या बाजूला उरतंच कोण, असं तो येईल त्याला विचारायचा.

दुसऱ्या बाजूला त्याची स्वतःची बहीण उरली. ताईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. दर दोन-तीन दिवसांनी सरकारी दवाखान्यात नेऊन तिला मशीनवर घ्यावं लागे, आणि ते सगळं दाजींच्या नोकरीच्या कार्डावर चालायचं. संपामुळे कार्ड बंद पडलं. संघटनेनं वर्गणी काढून काही दिवस निभावलं, मग संघटनेच्याही नाकी नऊ आले. दवाखान्याच्या खिडकीतली बाई वाईट नव्हती, पण तिनं कार्ड परत सरकवलं. चालू नोकरीचं कार्ड आणा, म्हणाली. ठेकेदाराच्या नोकरीचं चाललं असतं.

दाजी संध्याकाळी मामाच्या खोलीवर आले आणि दारातच उभे राहिले.

"मामा, मी सोमवारपासून जातोय."

"कळलं."

"काहीतरी बोल ना."

"काय बोलू? जाऊ नका म्हणू? बहीण माझी आहे."

"मग जा म्हण."

"ते पण नाही म्हणणार," मामा म्हणाला. "मांडवात कंडक्टर बसलेत सगळे. त्यांच्या पोटावर पाय देऊन जा, असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?"

दाजी वळले आणि निघून गेले. मामानं चहासुद्धा विचारला नाही. नंतर त्याला त्याचंच जास्त लागून राहिलं.

सोमवारी फाटक उघडलं आणि ठेकेदाराची गाडी बाहेर आली. केबिनमध्ये दाजी. मांडवातून एकच गिल्ला झाला, "गद्दार! गद्दार!" आणि त्यात मामाचा आवाज होता. त्यानं ठरवून दिला असं नाही. घोषणांची सवय झालेलं तोंड होतं, शेजारच्यानं उचललं तसं त्यानंही उचललं. पण त्याचा आवाज दाजींनी हजारात ओळखला असता. त्यांनी काचेतून नेमकं त्याच्याकडेच बघितलं आणि गाडी पुढे काढली. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. दाजींच्या मागोमाग बरेचसे ड्रायव्हरही एकेक करून करारावर गेले. ताई मशीनवर जायला लागली, तिच्या चेहऱ्यावरची सूज उतरली, आणि ते बघायला मामा चोरासारखा दाजी ड्यूटीवर असतानाच जायचा. "तुम्ही दोघं मिळून मला मारणार आहात," ताई म्हणायची. "तो रोग बिचारा उगाच बदनाम."

एक दिवस सकाळी आजी लंगडत मांडवापाशी आल्या. गुडघा सुजून घागरीएवढा झालेला. टोपली खाली ठेवताना त्यांच्या तोंडून शिवीसुद्धा निघेना, तेव्हा मामानं ओळखलं की काम गंभीर आहे.

"आजी, आज बसनं जा."

"त्या गाडीत? थुंकते मी तिच्यावर."

"थुंका आणि मग बसा. तुमच्या एकटीच्या चालण्यानं सरकार पडणार नाही. तुम्हीच पडाल."

"मांडवातले काय म्हणतील?"

"मी सांगतो त्यांना. आणि आता येईल त्या गाडीवर दाजी आहेत. आपलाच माणूस आहे, नीट उतरवतील."

आपलाच माणूस! बोलून गेल्यावर मामाला स्वतःचंच नवल वाटलं. गाडी आली तसं त्यानं आजींना हाताला धरून वर चढवलं, टोपली त्यांच्या पायाशी ठेवली आणि केबिनकडे न बघता खाली उतरला. गाडी हलली नाही. दाजींनी खिडकीतून मान बाहेर काढली होती.

"बसल्या का नीट?"

"हं," मामा म्हणाला.

एवढंच बोलणं झालं. पण मामा मांडवात परत आला तो मोकळा होऊन. संध्याकाळी ताईकडे जायचं, दाजी घरी असतानाच जायचं, आणि जाताना भाचीला काहीतरी खाऊ न्यायचा, हे त्यानं मनाशी पक्कं केलं. शेजारच्या कंडक्टरची त्यानं दोन-तीनदा उगाचच थट्टाही केली.

बाजाराकडून कुणीतरी ओरडत आलं. मामा धावत स्टॉपवर पोचला तेव्हा आजींना उचलून नेलं होतं. गाडी तिरकी उभी होती, टोपली चाकाखाली गेली होती आणि फुटपाथवर अंड्यांचा चिखल झाला होता. कॉलेजची एक मुलगी कडेला बसून रडत होती. संपाच्या पहिल्या दिवसांत ती मांडवात यायची, मामाची तिच्याशी तोंडओळख होती.

"मी थांबा म्हणून दाबलं हो," ती म्हणत होती. "आजींचा एक पाय खाली होता, एक वर होता. मला वाटलं, ड्रायव्हरकाका दार लावतील. म्हणून मी पटकन बटण दाबलं, दोनदा दाबलं, त्यांनी थांबावं म्हणून."

ठेकेदारानं खर्च वाचवायला भंगारातल्या जुन्या गाड्यांच्या घंट्या काढून या गाड्यांत बसवल्या होत्या. लाल बटण दाबलं की केबिनमध्ये तीच घंटी, तोच आवाज. मुलीनं जीव तोडून थांबा सांगितलं आणि केबिनमध्ये ते जा म्हणून पोचलं.

दाजी पोलिसांच्या गाडीत मागे बसले होते. मामाला बघून ते जाळीपाशी सरकले.

"मामा, डबल झाली होती रे."

"हो दाजी. मला कळलं."

"मी आरशात बघितलंच नाही. क्षणभर मला वाटलं, दारावर तू आहेस."

मामा पुढे झाला. त्यानं जाळीत बोटं घातली. दाजींनी ती धरली, आणि पोलिसानं "चला, चला" म्हणेपर्यंत धरून ठेवली.

आजी संध्याकाळपर्यंत होत्या, मग गेल्या. मामाच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली, की त्या नको म्हणत असताना त्यानं त्यांना गाडीत बसवलं होतं. ज्याला त्याला तो हे सांगत सुटला. लोक म्हणत, तुझा काय दोष? पण लोकांच्या म्हणण्यानं असल्या गोष्टी सुटत नाहीत.

ठेकेदारानं हात वर केले. मानवी चूक, असं त्याच्या माणसानं छापून आणलं, जणू बाकीचा सगळा कारभार माणसांचा नव्हताच. दाजी जो विचारील त्याला "चूक माझीच" म्हणून मोकळे होत होते. असंच चाललं तर ते तुरुंगात जाणार, हे दिसतच होतं. मामानं ठरवलं की काय वाटेल ते झालं तरी दाजींना यातून सोडवायचं. घंटीचं आणि दाजींच्या पायाचं खरं काय ते सांगू शकणारा दुसरा माणूस जगात नव्हता. संघटनेचे सरचिटणीसही म्हणाले, "तू बोलच. दाजी सुटतील, आणि गाडीवर कंडक्टर का लागतो तेही सगळ्यांना कळेल."

चौकशी परिवहन कार्यालयात झाली. लांबलचक टेबल, पलीकडे साहेब, अलीकडे एका खुर्चीत दाजी आणि दुसरीत मामा. साहेब ओरडणारे नव्हते. त्यांनी पाणी दिलं, मामाचं सगळं बोलणं मन लावून ऐकलं. मामाला त्यांच्याबद्दल आदरच वाटायला लागला.

"म्हणजे घंटी दोनदा वाजली की हे गाडी सोडतात. बघत नाहीत?"

"बघायचं काम माझं होतं, साहेब."

"पण आता तुम्ही गाडीवर नाही."

"तेच तर सांगतोय मी!"

"ते ठीक आहे. पण इतका अनुभवी माणूस नुसत्या आवाजावर गाडी सोडेल, हे मनाला पटत नाही," साहेब म्हणाले.

मामानं आणखी काही सांगितलं नाही. त्यानं बोटं मुडपून टेबलावर वाजवली. टक टक.

दाजींचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला. खोलीत सगळ्यांनी ते बघितलं. साहेबांनी खुर्चीतून वाकून टेबलाखाली नजर टाकली, आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या लेखनिकाला हसू आलं ते त्यानं रुमालात दाबलं. जिंकलो, असं मामाला वाटलं. मग त्यानं दाजींकडे बघितलं. दाजींनी पाय हळूच मागे ओढून खुर्चीखाली लपवला होता आणि त्यांची मान खाली गेली होती. इतकी वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला चारचौघांत असं करून दाखवायला लावलं, हे मामाच्या तेव्हा लक्षात आलं.

दाजी सुटले. हेतू नव्हता, सवयीनं घडलं, असं ठरलं आणि पोलिसांनीही केस मिटवली. आणि त्याच आठवड्यात दुसरा हुकूम निघाला. जुन्या सेवेतल्या ड्रायव्हरांच्या अंगात मुरलेल्या सवयी नव्या गाड्यांना धोक्याच्या आहेत, हे चौकशीत प्रत्यक्ष दिसून आलं आहे. सबब त्या सगळ्यांचे करार संपवण्यात येत आहेत. कंडक्टरांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. ठेकेदाराला हे हवंच होतं. नवीन पोरं निम्म्या पगारात येत होती आणि त्यांना कार्डबिर्ड काही द्यावं लागत नव्हतं. मामा जे बोलला होता ते सगळं त्या हुकमात जसंच्या तसं होतं, फक्त त्याचं टोक फिरवून दाजींच्याच पोटाकडे केलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काढून टाकलेले ड्रायव्हर मांडवाकडे आले. आले आणि बाहेर उन्हातच उभे राहिले. ज्यांना गद्दार म्हटलं होतं त्यांना आता काय म्हणायचं, हे आतल्यांना सुचेना. तेवढ्यात एक रिक्षा थांबली. त्यातून दाजींनी ताईला उतरवलं. तिची सूज परत आली होती, एवढ्यातच डोळे बारीक दिसायला लागले होते. ती दाजींच्या खांद्यावर भार टाकत सरळ मांडवात शिरली आणि मामापाशी येऊन म्हणाली, "सरक जरा."

मामा सरकला. ताई बसली. तिच्या मागून दाजी आले, दाजींच्या मागून बाकीचे ड्रायव्हर आले, आणि कंडक्टरांनी, बायांनी, पोरांनी अंग चोरून सगळ्यांना जागा केली. एका कंडक्टरनं समोर बसलेल्या ड्रायव्हरच्या गळ्यात हात टाकला आणि तो मोठा आडदांड माणूस हुंदके देऊन रडायला लागला. सरचिटणीस माईकवर उभे राहिले.

"ठेकेदारानं आपले दोन तुकडे केले होते," ते म्हणाले. "आज आपण पुन्हा एक झालो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. संप सुरू झाल्यापासून मांडव एवढा भरला नव्हता. सरचिटणीस खोटं बोलत नव्हते, मामालाही हेच तर हवं होतं. त्यांनी माईक मामाच्या हातात दिला. "बोल मामा. आजचा दिवस तुझा."

मामा उभा राहिला. टाळ्या थांबेनात. मग खालून ताईचा आवाज आला. तो मोठा नव्हता, पण माईक जवळ होता आणि सगळ्यांना ऐकू गेला.

"वाजवा, वाजवा. मला उद्या मशीनवर कोण घेणार, तेवढं सांगा म्हणजे मीही वाजवते."

टाळ्या एकेक करून थांबल्या. दाजी ताईच्या पाठीवरून हात फिरवत होते, कुणाकडेच बघत नव्हते. सगळा मांडव मामाकडे बघत होता. त्यानं माईक तोंडापासून खाली घेतला.

"सांग की रे," ताई म्हणाली.